विगोला कोण झोपवतं

सुरुवातीलाच सांगते, हे खरं घडलेलं आहे.

आणि असं म्हणून सुरुवात करणाऱ्यांची मला कीव येते, हेही सांगून टाकते. या पेजवर जो तो असंच म्हणतो. मग अमावास्या येते, दिवे जातात, लांब कुठेतरी कुत्रं रडतं आणि जिन्यावर पांढऱ्या कपड्यातली बाई उभी राहते. मी असल्या गोष्टी वाचते. हसायला.

माझ्या गोष्टीत अंधार नाही.

जून महिना. शनिवार. लीमफ्योर्ड नावाच्या खाडीतलं मॉर्स बेट. दुपारच्या कॉफीची वेळ. ऊन एवढं लख्ख की समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या मोजून घ्याव्यात.

आणि तिथेच ते सुरू झालं...

माझं नाव लिस्बेट. ऑर्हूस शहरात चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. समोरच्याला खरंच काय दिसतंय आणि काय दिसतंय असं तो नुसतं म्हणतोय, हे ओळखणं माझं काम आहे. तेव्हा "वारा असेल", "भास झाला असेल" असल्या कमेंट करू नका. तेवढी अक्कल मलाही आहे.

सहलीची कल्पना माझी नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची होती. त्रोल्सची.

त्रोल्स कसा माणूस आहे ते सांगते. त्याच्याकडे अशी पँट आहे, जिचे पाय गुडघ्यापाशी चेन उघडून काढता येतात. आणि तो ते चारचौघांत काढतो.

त्याच्या लेखी सगळं म्हणजे 'अनुभव'. शेळीला पाला चारणं हा अनुभव. अनवाणी चिखल तुडवणं हा अनुभव. वर्षभर कॉम्प्युटरसमोर बसायचं, उन्हाळ्यात दोन दिवस खेड्यात जाऊन शेणाचा वास छातीभर घ्यायचा आणि परत येऊन सगळ्यांना ऐकवायचं की खरं आयुष्य तिकडे आहे. तिकडची तरुण पोरं मात्र संधी मिळाली की ऑर्हूसला पळून येतात. त्यांना कुणी विचारत नाही.

"दोन दिवस, भरपूर थांबे, सगळे कुटुंबासाठी!" त्याने मला फोनवर सांगितलं.

"मला कुटुंब नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर तुला नेतोय. शिवाय गाडीत कार्लाशी बोलायला कुणीतरी हवं."

कार्ला त्यांची मोठी मुलगी. सहा वर्षांची. त्या घरात डोकं ठिकाणावर असलेली तेवढी एकच.

मी गेले ती बहिणीसाठी. मायकेनसाठी.

तिचं धाकटं बाळ विगो तेव्हा आठ महिन्यांचं होतं. आणि ते झोपत नव्हतं. म्हणजे झोपायचं, पण बाबागाडी हलती असेल तोवरच. हात थांबला की डोळे टक्क उघडे आणि भोकाड. मायकेन रात्र रात्र खिडकीशी उभी राहून गाडी झुलवायची. तिचे केस गळत होते. बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडून ती भिंतीकडे बघत बसायची. एकदा माझ्यासमोर तिने किटलीतलं पाणी कपाऐवजी टेबलावर ओतलं, आणि ते टेबलावरून खाली गळेपर्यंत नुसती बघत राहिली.

"ताजी हवा लागली की झोपेल तो," त्रोल्स म्हणायचा.

रात्री हा गृहस्थ कानात बोळे घालून झोपायचा. सकाळी त्याला ऑफिस असतं ना.

बाबागाडीनेच डिकी भरून गेली. काळी, मोठ्या चाकांची, स्प्रिंगांवर डुलणारी. बाकीचं सामान माझ्या मांडीवर. अशी आमची मौजमजेची सहल निघाली.

पहिला थांबा शेळ्यांचा.

तिकीट काढून आत जायचं, पाल्याची जुडी विकत घ्यायची आणि ती शेळीच्या तोंडात द्यायची. शेळ्या इतक्या खाऊन बसल्या होत्या की त्यांनी तोंड फिरवलं. त्रोल्स तरी "बघ, बघ, कशी जवळ येते!" म्हणत त्यांच्या मागे मागे फिरत होता.

"बाबा, हे शिकायला आहे की मजेला?" कार्लाने विचारलं.

"दोन्ही."

"मग मजा कधी सुरू होणार?"

विगो सगळा वेळ रडत होता. मायकेन एका हाताने गाडी झुलवत होती. दुसऱ्या हातात काळ्या पावाचा तुकडा, त्यावरची लिव्हर पेस्ट उन्हाने सुकून तडकलेली. शेवटी तिने तो तसाच डब्यात परत ठेवला.

दुसरा थांबा शेतावरचा कॅफे.

गोठ्याचा कॅफे केला होता. पूर्वी जिथे गाई उभ्या असत तिथे आता शहरातली माणसं बसून वॅफल खातात आणि गाईंपेक्षा जास्त पसारा करतात. चालवणाऱ्या बाईचं नाव येन्सीने. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण हात असे चालत होते की तरण्या पोरीने लाजावं.

दारासमोर झाडाखाली, खिडकीला लागून, तीन-चार बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या. त्यांत बाळं झोपलेली. आईबाप आत कॉफी पीत बसलेले. आमच्याकडे हे असंच असतं. बाळ बाहेर हवेवर झोपतं, आई आत बसते. बाहेरदेशची माणसं थबकून फोटो काढतात, काढोत बापडी. आणि गाडीतलं बाळ रडायला लागलं तर जाणारं-येणारं कुणीही मूठ धरून दोनदा झुलवतं आणि आपल्या वाटेने जातं. त्यात कुणी कुणाला विचारत नाही.

"इथे ऊन येणार," त्रोल्स म्हणाला. "शिवाय समोर ट्रॅक्टर घरघरतोय."

"सगळ्यांनी इथेच ठेवल्यात," मायकेन म्हणाली.

"सगळ्यांचं काय घेऊन बसलीस? मागे बघ कशी मस्त सावली आहे."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

मागच्या बाजूला कपडे धुण्याची जुनी खोली होती. दगडी. दाराला फळ्या मारून ते बंद केलेलं. भोवती कमरेएवढं गवत. त्रोल्सने गवतातून गाडी रेटत नेली, भिंतीला लावली, ब्रेक दाबला, विगोचे पट्टे आवळले आणि बाळाचा आवाज ऐकवणारा मॉनिटर त्याच्या उशीपाशी ठेवला. त्याचा जोडीदार माझ्या हातात दिला.

"ऐक, कशी शांतता आहे," तो म्हणाला.

शांतता होतीच. पुढे चिमण्या कलकलत होत्या, कोंबड्या माती उकरत होत्या. मागे काहीच नाही. त्या गवतात एक चिलटसुद्धा नव्हतं.

आम्ही आत गेलो. वॅफल आलं, वर मुरंबा आणि साय. मायकेनने पहिला घास तोंडात घातला तोच मॉनिटरवर कुरकुर सुरू झाली. मग रडणं. तिने काटा ठेवला. खुर्ची मागे सारली.

आणि रडणं थांबलं.

मग त्या यंत्रातून आलं...

"शू... शू... शू..."

हळू. एका लयीत. आणि त्यामागे गाडीच्या स्प्रिंगांची करकर.

"बस खाली," त्रोल्स म्हणाला. "कुणीतरी झुलवतंय. ही बघ खेड्यातली माणसं! शहरात कोण करतं असं?"

"शहरातही करतात," मी म्हणाले. "तूच करत नाहीस."

मायकेन बसली. तिने वॅफल खाल्लं. सगळं. मग त्रोल्सच्या ताटलीतलं उरलेलंही. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "गरम आहे. किती दिवसांनी गरम खातेय मी."

मला इतकं भरून आलं की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शू... शू... चालूच होतं.

आता बघा. जाणारं-येणारं माणूस दोनदा झुलवतं आणि जातं. हे कुणीतरी थांबलं होतं. दुसरं काही कामच नसल्यासारखं थांबलं होतं.

आभार मानावेत म्हणून मी उठले. मॉनिटर हातातच होता. वळसा घालून मागे गेले.

कुणी नव्हतं.

गाडी मात्र हलत होती...

वर. खाली. वर. खाली.

वारा? अंगणातल्या काठीवरचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लटकत होता. ब्रेक जसा लावला तसाच. विगो गाढ झोपेत, बोटसुद्धा हलत नव्हतं. गवतात आमच्या येण्याची एकच वाट पडलेली होती. बाकी सगळीकडे गवत ताठ उभं.

मी गाडीची मूठ धरली.

मूठ ओली होती... आणि गरम. साबणाच्या पाण्यातून हात काढून कुणीतरी नुकतीच सोडावी, तशी.

मॉनिटर अजून बोलत होता. शू... शू...

मी गाडीत वाकून कान लावला. गाडीत आवाज नव्हता. तो फक्त माझ्या हातातल्या यंत्रात होता.

मी पळाले नाही. मी चालत आत गेले. भराभर.

येन्सीने कुणाला तरी कॉफी ओतत होती.

"मागे कोण होतं?" मी तिला विचारलं. "तुझं कुणी माणूस आहे का तिकडे?"

तिचा हात थांबला.

"मागे म्हणजे?"

"धुण्याच्या खोलीपाशी. आमची बाबागाडी तिथे..."

किटली तिने टेबलावर आपटलीच. त्या वाकलेल्या बाईला पळताना मी बघितलं. ती गवतात घुसली, गाडीचा ब्रेक लाथेने काढला आणि गाडी खेचत पुढे अंगणात घेऊन आली. मागून त्रोल्स, "अगं हळू! झोपलाय तो! झोपलाय!"

"डोळे फुटले होते का तुझे?" ती त्याच्यावर ओरडली. "सगळ्या गाड्या पुढे लावल्यात त्या काय शोभेला?"

"मागे सावली होती म्हणून..."

"मागे ठेवत नाहीत."

"का?"

"नाही ठेवत."

"मग तसा बोर्ड लाव की," त्रोल्स हसला. "पर्यटकांना आवडेल. भुताचा थांबा!"

येन्सीनेने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं नासलेल्या दुधाकडे पाहतात. मला ती बाई तिथेच आवडली.

मग तिने मायकेनचा हात धरला.

"रडला होता का?"

"हो. पण मग..."

"मग दुसरंच कुणी गेलं."

येन्सीनेने तिचा हात आणखी घट्ट धरला.

"आज रात्री रडला तर तू उठायचं. तू. कितीही दमलीस तरी. पहिल्या कुरकुरीला उठायचं, दुसरीची वाट बघायची नाही. कळलं?"

"आणि नाही उठले तर?"

"मग सवय लागते."

कुणाला, ते ती बोलली नाही. मी विचारलं तर पाठ फिरवून आत निघून गेली.

"भारीच म्हातारी," गाडी सुरू करताना त्रोल्स म्हणाला. "हे पण बिलातच धरलेलं असणार. गोष्टी सांगितल्या की गिऱ्हाईक वाढतं."

तिसरा थांबा समुद्राकाठच्या कड्याचा. तिथल्या मऊ दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मासे सापडतात म्हणे. त्रोल्सने सगळ्यांना हातोड्या वाटल्या. आम्ही बसून दगड फोडत होतो. मासा एकही नाही. कार्लाच्या अंगठ्यावर मात्र हातोडी बसली.

या वेळी बाबागाडी समोर होती. उघड्या वाळूवर. आजूबाजूला झाड नाही, भिंत नाही, माणूस नाही. हाक मारली तर बाळ जागं होईल इतक्या जवळ. मी तिच्यावरून नजर हलवली नाही.

विगो कुरकुरला.

मायकेन उठायला लागली. एक हात जमिनीला टेकून अर्धी उठली...

माझ्या खिशातून आलं, "शू... शू..."

आणि माझ्या डोळ्यांसमोर गाडीची मूठ खाली गेली. वर आली. खाली गेली.

"त्रोल्स," मी म्हणाले, "ऐक."

"हां, दुसऱ्या कुणाच्या मॉनिटरचा आवाज मिसळतो कधी कधी. लहरी असतात त्या."

"इथे दुसरं बाळ कुठे दिसतंय तुला?"

"लहरी लांबून येतात, लिस्बेट."

त्याला लहरींमधलं तेवढंच कळतं जेवढं शेळ्यांमधलं. पण मी त्याच्याशी भांडत बसले नाही. मी मायकेनकडे बघत होते.

तिने गाडी हलताना पाहिली होती. स्वच्छ पाहिली होती. अर्धवट उठलेली ती तशीच थांबली. विगोचा आवाज बंद झाला.

आणि माझी बहीण परत खाली बसली.

त्या सगळ्या दिवसात मला खरी भीती वाटली ती त्या क्षणी.

मुक्काम एका भाड्याच्या लाकडी घरात होता. मी मायकेनला म्हणाले, मी विगोजवळ झोपते. तिने नको म्हटलं. दार लावून घेतलं. रात्री त्या खोलीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही. मी पाहिलेलंच सांगते.

सकाळी ती स्वयंपाकघरात अंडी तळत होती. केस धुतलेले. गालांवर रंग. गुणगुणत होती.

"उठलीस ना रात्री?" मी विचारलं.

"एकदाही नाही."

"रडला नाही?"

"रडला." तिने अंडं उलटलं. "मग थांबला."

"तुला ऐकू आलं. हो ना?"

"हो."

"आणि तू पडून राहिलीस?"

"मी झोपले, लिस्बेट. ते ऐकत ऐकत मीसुद्धा झोपले. लहानपणी झोपायचे तशी."

"ती म्हातारी काय म्हणाली ते विसरलीस?"

तिने उलथणं खाली ठेवलं.

"म्हातारीला म्हणावं, ये आणि माझ्या खिडकीत उभी राहा रात्रभर. सल्ला सगळ्यांनी दिला. ताजी हवा दे, बडीशेपेचा काढा दे, उशी बदल. आई फोनवर, तू फोनवर, हा कानात बोळे घालून. हात कुणी दिला? आता कुणीतरी देतंय, तर तुम्हाला त्याचं नाव-गाव हवंय!"

"मायकेन, ते कोण आहे हेच तुला माहीत नाही."

"नाही. पण ते येतं. तुम्ही कुणी येत नाही."

एवढ्यात त्रोल्स आत आला. आळस देत, पँटचे पाय काढून.

"काय म्हणालो होतो?" तो म्हणाला. "ताजी हवा!"

सहल संपली. त्यानंतर तो हे ऑफिसभर सांगत सुटला. दोन दिवस खेड्यात जा, मूल झोपायला लागतं. लोकांनी त्याच्याकडून थांब्यांचे पत्ते घेतले. मूर्खांची वाण कधीच नसते.

मायकेनचे केस परत आले. वजन वाढलं. ती हसायला लागली. दिवसा विगो बागेत बाबागाडीत झोपायचा, मॉनिटर हिच्या कमरेला असायचा, आणि कुरकुर झाली की ही मान तिरपी करून थांबायची. ऐकायची. मग हातातलं काम पुढे चालू. मी कैकदा पाहिलं. दार वाजलं की कामवालीच आली ना एवढं बघतात, तेवढंच.

मी काही बोलले की म्हणायची, "तो खूश आहे. मी खूश आहे. तुलाच काय खुपतंय?"

खुपत होतं ते सप्टेंबरात तिलाच दिसलं.

विगो तिच्या हाकेला बघत नव्हता.

कान तपासले. उत्तम. चमचा वाजला की वळायचा, कुत्रं भुंकलं की वळायचा, कार्लाने हाक मारली की खिदळायचा. मायकेनने "विगो" म्हटलं की काहीच नाही. ती त्या खोलीत नसल्यासारखं.

"मुलगे असेच असतात," त्रोल्स म्हणाला. "मी पण माझ्या आईकडे लक्ष द्यायचो नाही."

त्यावर मात्र माझा पूर्ण विश्वास बसला.

आता शेवटचं सांगते. हे लिहिताना मी घरातले सगळे दिवे लावून बसलेय, आणि त्याची मला लाज वाटते.

ऑक्टोबरमधला रविवार. कोवळं ऊन. आम्ही त्यांच्या बागेत कॉफी घेत होतो. बाबागाडी सफरचंदाच्या झाडाखाली, रिकामी. विगो फरशीवर रांगत होता. पायरीवरून घसरला आणि कपाळ दगडावर आपटलं.

असा रडला की माझ्या हातातली कॉफी सांडली.

मायकेन धावली. गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पसरले.

"ये! ये माझ्या सोन्या, आई आहे ना."

विगो रांगत तिच्याकडे आला.

तिच्यापाशी पोचला...

आणि तिच्या बाजूने पुढे गेला.

गाडीपाशी थांबला. चाक धरून कसाबसा उभा राहिला. तिथे कुणी नव्हतं. झाड, गाडी, गवतात पडलेली सफरचंदं. त्याने मान वर केली. मोठ्या माणसाचा चेहरा बघायला लहान मूल करतं तेवढी. आणि चाक सोडून दोन्ही हात उंच केले.

मला घे, म्हणून.

मायकेनच्या कमरेचा मॉनिटर बोलला...

"शू... शू... शू..."

रडणं थांबलं. विगो हसला.

"बघितलंत?" त्रोल्स खुर्चीतून म्हणाला. "स्वतःचा स्वतः गप्प होतो. किती समजूतदार पोरगं!"

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. कुणी काहीही म्हणो, जगात भुतांपेक्षा वाईट गोष्टी आहेत, आणि त्यातली एक त्या खुर्चीत बसून बिस्किट खात होती.

मायकेनने विगोला उचललं. कपाळावर फुंकर घातली. तो तिच्या हातात ताठ झाला. परक्या बाईने उचललं की मूल किंचाळतं तसा किंचाळला, हात गाडीकडे ताणून. तिने त्याला छातीशी धरलं, डुलवलं.

"शू... शू..." तीच म्हणाली. स्वतःच्या तोंडाने.

तो आणखीच ओरडला. त्याचा श्वास अडकायला लागला.

"खाली ठेवू नकोस," मी म्हणाले. "मायकेन, ओरडू दे त्याला. दिवसभर ओरडू दे. पण सोडू नकोस!"

तिने माझ्याकडे पाहिलं. भरलेले गाल. डोळ्यांखाली एक काळी रेघ नाही. इतकी विश्रांती मिळालेला आणि इतका हरलेला चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

"तो घाबरतोय, लिस्बेट," ती म्हणाली. "मला घाबरतोय."

तिने त्याला गाडीत ठेवलं. पट्टे लावले. पांघरूण नीट केलं.

मग मुठीवरचे हात काढून घेतले आणि ती एक पाऊल बाजूला सरली. दारातून कुणाला आत यायचं असलं की आपण सरतो, तशी.